दोन नावांची गोळी

प्रिय अपर्णाताई,

नानांचं तेरावं उरकून शारजाला परतलो, त्याला नऊ दिवस झाले. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहितोय. शाळेत माझे निबंधसुद्धा तूच लिहून द्यायचीस, तेव्हा चुका काढू नकोस.

अल नहदाचं हे घर आता नको वाटतं. नानांचा सात वारांचा गोळ्यांचा डबा तुझी भावजय अनुपमा डोळ्यांत तेल घालून भरायची, तो अजून ओट्यावरच आहे. शुक्रवारपासून पुढचे खण भरलेले आहेत. दिवसाला नऊ गोळ्या! तरी नानांचा भरवसा फक्त तुझ्या पुण्याच्या गोळ्यांवर. आमच्या ऑफिसातला रामेश्वर सुट्टीवर गेला की तू त्याच्या बॅगेत चकलीबरोबर तीन महिन्यांची औषधं कोंबायचीस. चिठ्ठी नाही, बिल नाही. इथे ते चालत नाही हे ठाऊक असूनही तू, मी आणि नाना फोनवर हसायचो.

जानेवारीत नानांना धडधड होऊ लागली, म्हणून इथल्या डॉक्टर यहयांकडे नेलं. त्यांनी रक्त पातळ ठेवणारी गोळी लिहून दिली. तू पाठवत होतीस त्या औषधांतही तीच गोळी होती, पण कंपनी वेगळी, नाव वेगळं, रंगही वेगळा. मला वाटलं, एक हृदयाची असेल, एक रक्ताची. नाना दोन्ही घेत राहिले, अगदी वेळेवर. सात आठवड्यांनी मेंदूत रक्तस्राव झाला.

इथपर्यंत तुला माहीत आहे. तेराव्याला तू सगळ्यांसमोर म्हणालीस की, माझ्या गोळ्यांनी माझा बाप गेला. भावजी उठून बाहेर गेले, काकू तर तोंड फिरवून बसल्या. मी तुझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, मनाला लावून घेऊ नकोस. ताई, इतका हलकटपणा मी आयुष्यात केला नव्हता.

कारण डॉक्टरांनी विचारलं होतं. गोळी लिहिण्याआधी स्वच्छ हिंदीत विचारलं होतं, इंडिया से कोई दवाई आती है? नानांनी लगेच शर्टाच्या खिशात हात घातला, तू पाठवलेलं पाकीट त्यांच्याजवळच होतं. मला रामेश्वर आठवला, विमानतळ आठवला, माझा व्हिसा आठवला. मी टेबलाखाली त्यांचं मनगट दाबलं आणि म्हणालो, नहीं डॉक्टर, कुछ नहीं. नानांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात खिशातून रिकामाच बाहेर काढला. पुढे हिरड्यांतून रक्त यायचं, दंडावर काळेनिळे डाग पडले होते, पण ते एका शब्दाने बोलले नाहीत. पोरगा अडचणीत येईल असं त्यांना वाटलं असणार. हे पत्र भावजींना दाखव, काकूंना मोठ्याने वाचून दाखव. तू पुण्याच्या डॉक्टरांना विचारून पाठवलं होतंस, मी इथल्या डॉक्टरांनी विचारल्यावर लपवलं.

तू म्हणू देशील तर तुझाच,
शार्दूल