दोष चालवणाऱ्याचा

७ मार्च, शनिवार
सासऱ्यांची गाडी आणली. ते गेल्यापासून सहा महिने सासूबाईंच्या दारात कव्हराखाली उभी होती. नवी बॅटरी घातली, किल्ली फिरवली, एका झटक्यात सुरू. चाळीस किलोमीटर एकटा चालवत आलो. कुठे अडली नाही, कुठे खोकली नाही.

गाडी आता हिची. लॅबच्या नव्या शाखेची प्रमुख म्हणून हिला नेमलंय, एक एप्रिलपासून. शाखा पार दुसऱ्या टोकाला, सकाळी सातची ड्यूटी, त्या वेळी तिकडे बस नाही. त्यासाठी ही क्लासला गेली आणि बेचाळिसाव्या वर्षी लायसन्स काढलं. होकार किंवा नकार २५ तारखेपर्यंत कळवायचाय. होकारच.

निश्चय: गाडी फर्स्ट क्लास करून मगच हिच्या ताब्यात द्यायची. स्वतः. तळमजल्यावर डेपोतले काका राहतात, बसच्या डेपोत तीस वर्षं मेकॅनिक होते. पण बस वेगळी, कार वेगळी. ‘गाडीचे नेहमीचे बिघाड: लक्षण, कारण, उपाय’ हे पुस्तक आणलंय. पानं १८४. आज ९ वाचली.

८ मार्च, रविवार. सकाळी ८.३०
बॉनेट उघडलं. आत चार स्पार्क प्लग आणि प्रत्येकाला एक जाड काळी वायर. वायरींना मळकट चिकटपट्ट्या गुंडाळलेल्या, त्यावर पेनाने १, २, ३, ४. सासरे माणूस म्हणून उत्तम, पण टापटिपीची आवड नसावी. पट्ट्या खरवडून काढल्या. वायरी उपसून रॉकेलने पुसल्या. लखलखीत.

सकाळी ११
वायरी परत बसवल्या. कुठली कुठे याचा एक क्षण प्रश्न पडला, पण लांबीवरून अंदाज येतो. सुरू केली. जरा थरथरते. सहा महिने पडून होती, अंग मोकळं व्हायला वेळ लागणारच.

९ मार्च, सोमवार
ही पहिल्यांदा बसली. मी शेजारी. पहिल्या चौकात गाडी तीनदा बंद पडली. मागून हॉर्नवर हॉर्न. चढावर तर ओढेचना. हिने विचारलं, गाडीत काही बिघाड आहे का. मी समजावलं, बिघाड नाही, तू क्लच फार लवकर सोडतेस.

हे मी अनुभवाने म्हणालो. पंखे-मिक्सरच्या कंपनीत अठरा वर्षं ग्राहक तक्रारींना उत्तरं लिहितोय. दहातल्या नऊ वेळा यंत्र ठीक असतं, दोष चालवणाऱ्याचा असतो.

११ मार्च, बुधवार
थरथर कायम. निदान: टायरमध्ये हवा कमी. हवा भरली. थरथर कायम. निदान: पेट्रोलमध्ये भेसळ. दुसऱ्या पंपावर भरलं. थरथर आहेच, शिवाय आता मागून फटफट आवाज येतो. पुस्तक पान २२ पर्यंत वाचून झालंय.

हिने क्लासच्या सरांना फोन करून चार जादा धडे मागितले. सर म्हणे हसले. म्हणाले, ताई, तुम्ही तर माझ्या चांगल्या विद्यार्थिनी होतात.

१२ मार्च, गुरुवार
पान ३१. ‘प्लगच्या वायरी काढण्यापूर्वी त्यांवर क्रमांक लिहावेत. दोन वायरींची अदलाबदल झाल्यास इंजिन थरथरते, ओढत नाही, चौकात बंद पडते.’

पुस्तक मिटलं. परत उघडलं. तेच लिहिलं होतं.

हिला न सांगता चहा करून दिला. सोबत बिस्किटं, बशीत मांडून. ही म्हणाली, आज काय विशेष? मी म्हणालो, काही नाही, सहज.

१३ मार्च, शुक्रवार
सकाळी सांगून टाकायचं ठरवलं. वाक्यही तयार होतं. पण ही टेबलाशी बसून पोळपाटावर पाय ठेवून क्लच सोडण्याचा सराव करत होती. आकडे मोजत. एक, दोन, तीन, हळूच. अशा वेळी मध्ये बोलणं बरं दिसत नाही.

नवा निश्चय: आधी दुरुस्ती, मग कबुली. दुरुस्त झालेली चूक ऐकायला हलकी वाटते. चार वायरी चार जागी बसवायचे चोवीस प्रकार होतात. तक्ता केला. रोज सहा करायचे, चार दिवसांत काम फत्ते.

१५ मार्च, रविवार
तिसऱ्या प्रकाराला सायलेन्सरमधून बार निघाला. समोरच्या इमारतीतली माणसं खिडकीत आली. ही धावत खाली. गाडीकडे बघून एवढंसं तोंड करून म्हणाली, काल मी क्लच जोरात सोडला होता, त्याने झालं असेल का?

मी म्हणालो, शक्य आहे.

हे मी का म्हणालो ते मला माहीत नाही. ऑफिसात हे वाक्य रोज दहा वेळा लिहितो, त्याची जिभेला सवय लागलीय. पण तिथे समोर माणूस नसतो.

सहाव्या प्रकारापर्यंत बॅटरी उतरली. तक्ताही खिशातल्या खिशात ग्रीसने माखला, आता कुठले सहा झाले ते कळत नाही. डेपोतले काका फाटकाशी उभे होते. म्हणाले, बघू का जरा? मी म्हणालो, नको, आटोक्यात आहे.

१७ मार्च, मंगळवार
बॅटरी चार्ज करून आणली. ही गाडीकडे गेलीच नाही. चार दिवसांपासून जेवताना पदार्थ ताटात इकडून तिकडे सरकवते. आज म्हणाली, शाखेला नकार कळवते. सकाळी सात म्हणजे सात, तिथे पेशंट उपाशीपोटी रक्त द्यायला थांबलेले असतात, आणि मी चौकात गाडी बंद पाडून बसणार. मला नाही जमत हे.

अठरा वर्षं ही बाई दुसऱ्यांच्या हाताखाली राबली. स्वतःची शाखा मिळाली तर ती माझ्या चार वायरींपायी सोडणार. माझ्यासारखा नालायक मीच.

उद्या सांगणार. नक्की.

१८ मार्च, बुधवार
ऑफिसात काम फार होतं.

१९ मार्च, गुरुवार
हिने डेपोतल्या काकांना गाडीसाठी गिऱ्हाईक बघायला सांगितलं. मी ऐकलं, जिन्यात. काकांना म्हणाली, गाडीत काही दोष नाही हो, मलाच चालवता येत नाही, घेणाऱ्याला तसं सांगा. नकाराचं पत्रही लिहून पर्समध्ये ठेवलंय.

मी अर्ध्या जिन्यातून परत वर गेलो.

२० मार्च, शुक्रवार. संध्याकाळी ६
काका गाडी बघायला आले. सुरू केली, दोन सेकंद कान दिला आणि बंद केली. बॉनेट उघडून दोन वायरी काढल्या, एकमेकींच्या जागी लावल्या. परत सुरू. गाडी अशी चालली की चालू आहे की बंद ते कळेना. एकूण वेळ दीड मिनिट.

ही बघतच राहिली. म्हणाली, म्हणजे माझं चुकत नव्हतं? काका म्हणाले, ताई, या अवस्थेत ही गाडी आमच्या डेपोतल्या जुन्या ड्रायव्हरलाही चालवता आली नसती.

मग काकांनी माझ्याकडे बघून विचारलं, हे कुणी केलं? मी म्हणालो, आधीपासूनच असेल. काका म्हणाले, मग चाळीस किलोमीटर आणलीत कशी? मी म्हणालो, हळू.

काकांनी बॉनेट लावलं. हात पुसत बसले. ही बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, आधी बाबाच बघायचे गाडीचं. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

२१ मार्च, शनिवार
हिने एकटीने गाडी नव्या शाखेपर्यंत नेऊन आणली. नकाराचं पत्र फाडलं, होकाराचं दिलं. सगळं गोड झालं असं समजून मी निवांत पेपर वाचत होतो.

संध्याकाळी ही बाल्कनीत एकटी बसलेली. काय झालं विचारलं. म्हणाली, बाबांच्या हातून वायरी चुकणं शक्यच नव्हतं. चुकल्या म्हणजे शेवटी शेवटी त्यांचं डोकं चालत नव्हतं. आणि मला कळलं नाही. महिन्यातून एकदा मी तिकडे जायचे, तासभर बसायचे, घड्याळ बघायचे. आईला फोन करून विचारलं, तर आई म्हणाली, मलाही कधी जाणवलं नाही गं. दोघी फोनवर रडल्या.

मी आत येऊन हे लिहितोय. आधी बायकोवर ढकललं, मग गेलेल्या माणसावर. आता त्याची बायकोही रडतेय. आणखी कुणी नातेवाईक शिल्लक नाहीत.

२२ मार्च, रविवार. दुपारी २
आम्ही सासूबाईंकडे निघालो होतो. ही चालवत होती, मी शेजारी. मुद्दाम वळणावळणाचा रस्ता निवडला, म्हणजे हिला माझ्याकडे बघता येणार नाही. म्हणालो, वायरींची अदलाबदल झाली होती, ती आपल्याकडे गाडी आल्यावर झाली असावी.

ही म्हणाली, कुणाकडून?

म्हणालो, साफसफाईच्या दरम्यान.

ही परत म्हणाली, कुणाकडून?

माझ्याकडून, म्हणालो.

हिने आरशात बघितलं, सिग्नल दिला, गाडी डावीकडे घेतली, हँडब्रेक ओढला. सगळं शिकवल्याप्रमाणे. म्हणाली, उतरा. उतरलो. खिडकीतून म्हणाली, दहा-बारा दिवस मी स्वतःला मठ्ठ समजले, ते एक वेळ विसरेन. पण बाबांना मी कालपासून खुळं ठरवलंय, आईकडूनही ठरवून घेतलंय.

गेली. गिअर बदलताना जराही झटका नाही. तासभर चालल्यावर बस मिळाली.

संध्याकाळी ७.३०
सासूबाईंचा फोन. ही आज तिथेच राहणार. विचारलं, माझ्याशी बोलेल का. त्या आत विचारून आल्या. म्हणाल्या, ती म्हणते, काय झालं ते आईला तुमच्या तोंडाने सांगा, मग बघते.

मी सुरुवात केली, त्याचं असं झालं की. सासूबाई म्हणाल्या, असं नको. मी परत सुरुवात केली, त्या दिवशी जरा गडबडीत. त्या म्हणाल्या, जावईबापू. तिसऱ्यांदा सांगितलं. वायरी मी काढल्या, मी चुकीच्या लावल्या, मला दहा दिवस माहीत होतं, आणि मी खोटं बोललो. बाबांची काही चूक नव्हती.

पलीकडे मागे ही नाक ओढत असल्याचं ऐकू आलं. मग सासूबाईंनी विचारलं, जेवलात का?

इतक्या मायेने विचारलं की माझे डोळे भरून आले. नाही, म्हणालो, घास उतरत नाही.

खरं म्हणजे आल्या आल्या जेवलो होतो. सहा वाजता परत थोडं.