तितराले शिट्टी मारू नको

गुंजन बेटा,

शाळेतून येशीन तं पिंजरा रिकामा दिसंन. तितर मांजरानं नेला नाही. धानकापणीत तुले सापडलेला तितर मीच आज सोडून आलो.

त्याले उडायले शिकवतो म्हणून मी रोज रानात नेत होतो, ते खोटं होतं. मी त्याले फाशापाशी बांधत होतो. त्याची हाक ऐकून रानातले तितर येत अन् अडकत. मोहाडीच्या बाजारातली कोंबडी म्हणून तुले खाऊ घातली, ती कोंबडी नव्हती.

आज पायातली दोरी सोडली, तरी तो उडाला नाही. फाशापाशीच बसून हाका मारत राहिला. शेवटी मी दगड मारून हाकलला.

फासे जाळले. वावराच्या धुऱ्यावर जाऊन शिट्टी मारू नको बेटा. तो येईन, अन् मले पुन्हा दगड उचलावा लागंन.

— बाबा