दोनशेची लेन्स आणि लिलाबाईची गाडी

मी, वच्छलाबाई भ्र. कालकथित देवमन इंगोले, वय साठीच्या पुढे, धर्म बौद्ध, धंदा फोटोग्राफी, राहणार कारंजा (लाड), जिल्हा अकोला, हे मृत्युपत्र आज स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. कंपाउंडर हिरालाल चव्हाण यांनी सकाळीच रक्तदाब पाहिला आणि म्हणाले, "बाई, तुमचं डोकं तं लयच ठिकानावर हाये." मला कोणी धाक घातलेला नाही, भुरळ पाडलेली नाही, आणि आज सगळ्यांना मिळालेला चहाही मीच केला आहे.

छातीत मधूनमधून धडधड होते, म्हणून हा कागद. डॉक्टर म्हणतात घाबरण्यासारखे काही नाही. पण डॉक्टरांचा फोटो मी काढला आहे, आणि खोटे बोलताना त्यांची उजवी भुवई वर जाते हे मला ठाऊक आहे.

मूर्तिजापूरच्या वकिलांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. साक्षीदार दोन पुरतात. आणि ज्याला काही द्यायचे आहे त्याला साक्षीदार करू नये, नाहीतर पुढे भांडणे लागतात. ही दुसरी गोष्ट वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावी. साक्षीदारांच्या जागा मी तीन ठेवल्या आहेत; तिसरी कशाला ते पुढे येईल.

कलम १. माझे राहते घर, पुढची खोली म्हणजे प्रज्ञा फोटो स्टुडिओ धरून, माझ्या दिराचा मुलगा चि. उकंडराव आणि त्याची पत्नी सौ. बेबीबाई या दोघांच्या नावे निम्मे-निम्मे करते. उकंडराव अकोल्यास सरकारी नोकरीत आहे. घर आपल्या एकट्याच्या नावे होईल अशी त्याची समजूत होती, म्हणून मुद्दाम लिहिते की बेबीबाईच्या सहीशिवाय या घराची एक वीटही विकता येणार नाही. उकंडराव वाईट नाही. दर बुद्धपौर्णिमेला येतो, पाया पडतो, फुटलेली कौले बदलून जातो. पण त्याला कुठलीही वस्तू दिसली की तिचे गिऱ्हाईकही लगेच दिसते.

कलम २. एन्लार्जर, ट्रे, लाल दिवा आणि अंधाऱ्या खोलीतले बाकी सगळे एकट्या बेबीबाईचे. लग्नानंतर ती माझ्याकडे काही दिवस राहिली होती. ट्रेमधल्या कोऱ्या कागदावर चेहरा उमटताना तिने पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिला रडू आले. मलाही पहिल्या वेळी आले होते. हे काम तिला जमेल. पोस्टातली शिल्लक तिच्या दोन्ही मुलींच्या शिक्षणाला लावावी.

कलम ३. स्टुडिओतला काळा कोट स्टुडिओतच राहावा. तो पाठीमागून उसवून नाड्या लावलेला आहे, त्यामुळे बारीक-जाड कोणालाही बसतो. आसपासच्या गावांतल्या निम्म्या नवरदेवांचे फोटो याच कोटात आहेत, आणि त्यांच्या बायकांना अजून वाटते की कोट नवऱ्याचा होता. मागचा पडदा, ज्यावर जिना आणि दोन हंस रंगवले आहेत, शेजारच्या मनकर्णाबाईला द्यावा. शेवया वाळवताना सावलीला हवा म्हणून ती कधीची मागते आहे. उजवा हंस बदकासारखा दिसतो, तो रंगवणाऱ्याचा दोष.

कलम ४. निगेटिव्ह फेकू नयेत. आपल्या घरातल्या गेलेल्या माणसाचा फोटो मागायला कोणी आले तर शोधून, छापून द्यावा आणि त्याच्याकडून काही घेऊ नये. माझ्या नवऱ्याने, देवमननेही, कधी घेतले नाही.

कलम ५. "हलू नका" अशी जी पाटी स्टुडिओत लावली आहे ती माझ्या सरणावर ठेवावी. निदान तेव्हा तरी मी ती पाळीन. त्रिशरण-पंचशील म्हणावे, तेरवी वगैरे करू नये, आणि रडायचे असेल त्याने घरी जाऊन रडावे.

ही पाटी देवमनने रंगवली. नागपूरच्या एका स्टुडिओत झाडलोट करता करता तो फोटो काढायला शिकला आणि त्याने मला शिकवले. तो गेला तेव्हा लोक म्हणाले, बाईमाणूस काय स्टुडिओ चालवणार. झाले उलटेच. सोयरिकीसाठी मुलींचे फोटो काढायला आया मानोऱ्याहून, मंगरूळपीरहून एसटीने येऊ लागल्या, कारण कॅमेऱ्यामागे बाई होती. असे "हलू नका, हलू नका" म्हणता म्हणता माझे आयुष्य गेले. साठी जवळ आली तेव्हा मनात आले, एकदा तरी अशा कोणाचा फोटो काढावा जो माझे अजिबात ऐकणार नाही.

सोहोळच्या माळावर काळविटांचे कळप आहेत. मी त्यांना लहानपणापासून पाहत आले, पण लांबून, ज्वारीच्या दाण्याएवढे. मला काळवीट उडी मारताना हवे होते, डोळ्याची कड दिसेल एवढे. त्यासाठी लांब पल्ल्याची लेन्स घ्यावी लागणार होती, आणि तिथून आमच्या घरात भांडण सुरू झाले.

कलम ६. उकंडराव म्हणाला, "काकू, घ्यायचीच तं चारशेची घ्या. जेवढी लांब तेवढं जवळ दिसते. मी जीप आनतो, सफारी करू." सफारी हा शब्द तोवर मी फक्त त्याच्या कपड्यांबद्दल ऐकला होता. दोनशे-चारशे हे लेन्सवरचे आकडे. आकडा मोठा, तशी लांबची वस्तू मोठी दिसते. दुकानातली दुसरी लेन्स दोनशेची होती, म्हणजे त्याच्या मते निम्म्या लायकीची.

त्याच सुमारास लिलाबाई राऊत फोटो काढायला आली. सोहोळच्या वाटेवर तिचा मळा आहे. वांगी, मेथी, टमाटे करते. नवऱ्याचे गुडघे गेल्यापासून बैलगाडी तीच हाकते. फोटो काढताना ती बोलायची थांबली नाही, त्यामुळे फोटोत तोंड उघडे आले. तो फोटो तिने आजवर नेला नाही आणि मीही भिंतीवरून काढला नाही. त्या दिवशी ती हरणांना शिव्या देत होती.

"माही मेथी खाऊन राह्यले ना थे. अन् माह्या गाडीले भेतही नाही. मी वरडून राह्यली तरी मान वर करत नाही मेले."

मी विचारले, "अन् मानूस पायी गेला तं?"

"मंग पयतात."

"जीप गेली तं?"

"जीपचा आवाज आला का पार तिकडं. गाडीले कायले भेतीन? रोजचीच हायेत बैलं त्याईले."

मी तिला आणखी एक चहा पाजला आणि परतीच्या गाडीत जागा मागितली.

फोटो चिकटवायच्या पुठ्ठ्याचे दोन तुकडे घेऊन मी त्यांत खिडक्या कापल्या, एक मोठी, एक तिच्या निम्म्याने. हात लांब करून मोठ्या खिडकीतून जेवढे दिसेल तेवढे दोनशेच्या लेन्समध्ये मावणार, लहान खिडकीतून दिसेल तेवढे चारशेच्या. खिडक्यांचे माप आमच्या गल्लीतले निवृत्त शिक्षक माणिकराव भगत यांनी त्रैराशिक मांडून काढून दिले. बाजार आटोपून, उन्हे कलताना, लिलाबाई रिकामी गाडी घेऊन निघाली आणि मी मागे बसले. तिच्या उजव्या बैलाचे नाव मास्तर आहे. हे वाक्य गाळावे अशी माणिकराव मास्तरांची विनंती होती, ती नामंजूर.

गाडी कळपाच्या अगदी कडेने गेली. एकाही हरणाने चरणे थांबवले नाही. मोठ्या खिडकीत काळवीट, त्याच्या दोन माद्या आणि थोडे गवत, असा अख्खा संसार बसला. लहान खिडकीत नुसते काळवीट, आणि गाडीला जरा धक्का बसला की तेही बाहेर. शिवाय चारशेची जड, तिला टेकू लागतो, आणि तिच्यातून उजेड कमी येतो. हरणे निघतात सकाळ-संध्याकाळ, नेमकी तेव्हाच ही लेन्स आंधळी होणार. हलत्या गाडीतून, हातात धरून, पळते जनावर टिपायचे तर दोनशेचीच हवी हे मला कळले. मात्र गाडी लिलाबाईची हवी.

नागपूरच्या दुकानात दुकानदार माझ्याकडे न पाहता उकंडरावशी बोलत होता. मी दोन्ही लेन्स आळीपाळीने दाराशी नेऊन तारेवरच्या कावळ्यावर धरल्या. चारशेच्या लेन्समध्ये कावळा थरथरत होता. म्हणजे माझे हात. मी दोनशेची घेतली. उकंडरावचे तोंड उतरले, आणि त्याच तिरीमिरीत त्याने चारशेची स्वतःसाठी घेतली. पुढे तो मित्राची जीप घेऊन माळावर गेला. त्याच्या फोटोंत धूळ फार सुरेख आली आहे.

तरी माझा लाकडी ट्रायपॉड चि. उकंडराव याला देते. त्याच्या लेन्सला टेकूची गरज आहे.

कलम ७. हे कलम वाटणीचे नाही, पण याच्याशिवाय पुढचे समजणार नाही. चार हिवाळे मी त्या गाडीतून माळावर गेले. लिलाबाई बैल हाकत बोलत राही आणि मी फोटो काढी. हळूहळू ती लेन्समधून पाहू लागली. तिला दुर्बीण म्हणायची. कोणता नर उडी मारणार हे तिला माझ्या आधी कळायचे, कारण तिने त्यांना मळ्यातून हाकलले होते. स्टुडिओत लावलेला सर्वांत चांगला फोटो, चारही पाय अधांतरी असलेला, तिने काढलेला आहे. मला शिंका येत होत्या आणि जुळवून ठेवलेला कॅमेरा तिच्या हातात होता. फोटोखाली तिचेच नाव आहे. शिंका मी मुद्दाम काढल्या असे ती म्हणते, आणि मी हो-नाही काही म्हणत नाही.

मागच्या उन्हाळ्यात उकंडराव चार माणसांत बोलला की माळीण काकूच्या इस्टेटीवर डोळा ठेवून आहे. ते लिलाबाईच्या कानावर गेले. ती आली आणि दारातूनच म्हणाली, "फोटोबाई, तू कागद करशीन तवा मले साक्षीदार कर. साक्षीदाराले काही भेटत नाही म्हनते ना? मंग झालं. माह्यावर आळ नको." तिसरी जागा तिच्यासाठी आहे. सही करता यावी म्हणून ती माणिकराव मास्तरांकडे जाऊन नाव गिरवायला शिकली.

पण तेव्हापासून ती लेन्सला हात लावत नाही. मी पुढे केली तर म्हणते, "तुही वस्तू हाये, तूच पाय." उडी आधी तिलाच दिसते, पण ती तोंड फिरवून बैलांकडे बघत बसते. देवमन गेल्यानंतर मला इतके वाईट कशाचे वाटलेले नाही.

कलम ८. दोनशेच्या लेन्ससाठी उकंडरावने नागपूरचे एक गिऱ्हाईक पाहून ठेवले आहे. माझे म्हणणे असे की ही लेन्स पुरते ती लिलाबाईच्या गाडीमुळे. गाडीतून उतरवली की ती अपुरी आहे. नागपूरच्या गिऱ्हाइकाला तिच्यात काळविटाचे शेपूटही धड मिळणार नाही. जसे चाक, जसे जू, तशी ही लेन्स त्या गाडीचा भाग आहे. म्हणून ती, कॅमेऱ्यासह, लिलाबाईच्या गाडीत ठेवते. ही भेट नाही आणि बक्षीस नाही. गाडीची वस्तू गाडीत ठेवली.

परंतु कायद्याला गाडी समजत नाही, गाडीची मालकीण समजते. तेव्हा लिलाबाईने या कागदावर साक्षीदार म्हणून सही केली तर तिचे नाव स्वच्छ राहील आणि लेन्स उकंडरावकडे, म्हणजे नागपूरला जाईल. सही केली नाही तर लेन्स गाडीत जाईल आणि लोक बोलायचे ते बोलतील. हे कलम तिला माहीत नाही. आज वाचून दाखवताना कळेल. मी दोन खिडक्यांतून पाहून माझे ठरवले, तसे तिने तिचे ठरवावे. मी आग्रह करणार नाही, कारण तिच्याशी भांडून मी आजवर जिंकलेले नाही.

वाचून दाखवल्यानंतरची नोंद. वरील मजकूर सर्वांसमोर मोठ्याने वाचला. आठवे कलम येईपर्यंत लिलाबाई पेन उघडून हातात धरून बसली होती. ते ऐकल्यावर तिने पेनाला टोपण लावले.

माणिकराव मास्तर म्हणाले, "लिलाबाई, येवढं गिरवलं तुमी, अन् आता सही काहून करत नाही?"

तिने खुंटीवरची कॅमेऱ्याची पिशवी काढून खांद्याला अडकवली आणि बाहेर जाऊन गाडीत बसली. तिथूनच तिने हाक मारली, "फोटोबाई, तुहं लिवनं आवर. उजेड जाऊन राह्यला."

म्हणून आवरते.

ठिकाण : कारंजा (लाड)
दिनांक : ५ फेब्रुवारी १९७८, रविवार, उन्हे कलताना

सही : वच्छलाबाई देवमन इंगोले

साक्षीदार :
१. माणिकराव तुळशीराम भगत, निवृत्त शिक्षक (सही)
२. हिरालाल मोतीराम चव्हाण, कंपाउंडर (सही)
३. लिलाबाई भ्र. पुंजाजी राऊत : सही नाही. ही जागा कोरीच राहू द्यावी.