पोचण्याची वेळ, दुपारी चार

३ मार्च

चि. भिंगरी हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

लग्न शनिवारी, पंचवीस एप्रिलला, नोंदणी कार्यालयात सकाळी अकराला. तुझ्या बाबांच्या जागी साक्षीदार म्हणून सही मी करायची, हा हुकूम मिळाला. तिकीट काढलं. अंतर नऊ हजार किलोमीटर, वेळ साडेअकरा तास. शुक्रवारी रात्री नऊला निघून शनिवारी सकाळी साडेआठला हजर. आंघोळ, चहा उरकूनही वेळ उरेल.

तिकिटावर मात्र पोचण्याची वेळ दुपारी चार छापली आहे! एकतीस वर्षं बस डेपोचं वेळापत्रक लिहिलं, असल्या चुका मला लगेच दिसतात. पेनाने खोडून साडेआठ केलं आहे. ताईला म्हणावं, भाऊ वेळेवर येतोय, तूच तयार राहा.

लोभ आहेच, तो मी येईपर्यंत सांभाळ.

मामा

१२ मार्च

ती. मामास साष्टांग नमस्कार.

आई म्हणाली, चूक दाखवू नकोस, तो रुसेल. तिच्या लग्नात म्हणे तुझं घड्याळ पाच मिनिटं मागे आहे म्हटल्यावर तू जेवलाच नव्हतास. तरी लिहिते. मामा, छापलंय तेच बरोबर आहे. इथली घड्याळं तिकडच्यापेक्षा साडेसात तास पुढे. तुझे सकाळचे साडेआठ वाजतील, तेव्हा इथे दुपारचे चार झालेले असतील. शनिवारी कार्यालय एकला बंद होतं आणि पुढची तारीख चार महिन्यांनंतरची.

नवरदेव पडले भूगोलाचे मास्तर. फुटबॉलवर टॉर्च मारल्याचं चित्र काढून मामांना पाठवतो म्हणाले. मी हात जोडले. मग म्हणाले, सही माझ्या दादाची घेऊ. तेव्हा मात्र मी भांडले. बाबा गेले, आई हॉस्पिटलच्या ड्यूटीवर, तेव्हा माझ्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर तुझी सही असायची. आता याच कागदावर दुसऱ्याची कशाला? रागवायचं असेल तर इथे येऊन रागव.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

भिंगरी

२२ मार्च

चि. भिंगरी हिस आशीर्वाद, आणि तुझ्या आईला कोपरापासून नमस्कार.

एक दिवस रागात काढला. दुसऱ्या दिवशी डेपोत जाऊन विचारलं. माझ्या जागी आलेला, मीच शिकवलेला गडी इतका हसला, की गाडी दहा मिनिटं उशिरा सुटली. माझ्या वेळी असं कधी झालं नव्हतं.

तिथून विमान कंपनीच्या खिडकीवर गेलो. तिथल्या मुलीने माझी दुरुस्ती पाहिली आणि मान खाली घातली; खांदे हलत होते, तेवढे दिसले. पण पोरगी गुणाची, तिकीट एक दिवस अलीकडचं करून दिलं. गुरुवारी रात्री निघतो, शुक्रवारी दुपारी चारला उतरतो. तुमच्या चारला. मास्तरांना विमानतळावर पाठव, त्यांची तोंडी परीक्षा घ्यायची आहे. शनिवारी अकराला सही माझीच.

परतीचं विमान म्हणे संध्याकाळी सहाला निघतं आणि त्याच रात्री दहाला इथे पोचवतं. मुलीने तारीख विचारली. घरी इतक्या लवकर पोचून मी भिंतींशी गप्पा मारू का? तारीख मोकळी ठेवायला सांगितली. ती तू ठरव, तुझ्या घड्याळाप्रमाणे.

तुझा मामा