कुलपातलं वाळवणयंत्र

तुडील,
ता. १२ मे २०२५

चि. दीपक यास आत्याचे अ. आ.

फोनवर तुझं नेटवर्क नेमकं माझ्याच वेळी जातं, म्हणून पत्र. अंगणात वाळत घातलेला जवळा काल पुन्हा भिजला. पूर्वी मे महिन्यात आभाळाकडे बघायचं कामच नसायचं. खाडीत मासळी आधीच कमी, त्यात हे. तुमच्या ऑफिसनं छपराखाली मासळी वाळवायचं यंत्र बसवलं, पण त्याला कुलूप. सरपंच म्हणतात, तुमच्या साहेबांच्या हस्ते उद्‌घाटन झाल्याबिगर उघडायचं नाय. वरंधची काशीबाई दरवर्षी पावसाळ्याआधी नाचणी आणते आणि बदल्यात माझा जवळा नेते. तीच आमची चार महिन्यांची भाकरी. तेवढी किल्ली पाठव.

माया पातळ करू नकोस.

तुझी आत्या,
तुळजाबाई

पुणे,
ता. १७ मे २०२५

ति. आत्यास दीपकचा शि. सा. न.

तुझं पत्र साहेबांनी हवामानबदलाच्या कार्यशाळेत स्वतः वाचून दाखवलं. सगळे हळहळले. नंतर जेवणात सुरमई होती, तुझी फार आठवण आली. सन २०५० पर्यंत कोकणातला पाऊस कसा बदलेल, याचा रंगीत नकाशा आम्ही तयार केलाय. उद्‌घाटन मात्र साहेब परदेशातून परतल्यावर. तोवर जवळा भिजू देऊ नकोस.

रागावलीस तरी लोभ ठेव.

तुझा भाचा,
दीपक

तुडील,
ता. ३ जून २०२५

चि. दीपक यास अ. आ.

उद्‌घाटन थाटात झालं. यंत्रात घालायला जवळा हवा होता, माझा तर कुजून खत म्हणून माडाच्या बुंध्याशी गेला. मग सरपंचांनी महाडच्या बाजारातून सुका जवळा आणला, पाण्यात भिजवला आणि यंत्रात वाळवून दाखवला. साहेब वास घेऊन वा वा म्हणाले. फोटोत मी हसतेय ते खोटं नाही, हसू खरंच आवरेना. घरी येऊन रडले.

दुसऱ्या दिवशी काशीबाई आली. द्यायला काही नाही, हे सांगताना मान वर होईना. तिनं नाचणी माझ्या सुपात ओतली आणि म्हणाली, पुढल्या साली दोन सालांचा दे गो. मी हो म्हणून बसले.

तुमच्याकडे २०५० चा नकाशा आहे. मला एवढ्या लांबचं नको. पुढल्या मे महिन्यात माझ्या अंगणात ऊन पडेल का, तेवढं साहेबांना विचारून कळव. नाचणी शिजायला लागलीय.

आत्याला विसरू नकोस.

तुझी,
तुळजाबाई