सुलभाच्या नंबरवरचं व्हाउचर

६ ऑक्टो.
ग्रामपंचायतीत शिपाई म्हणाला, "सर, व्हाउचर काहून घेऊन नाही राहिले? महिनाअखेर मुदत हाय." दिवाळीत लोकांनी खरेदी करावी म्हणून सरकार दर घराला एक देत आहे. रोख नाही, घरातली वस्तूच घ्यायची. मेसेज रेशनकार्डावरच्या नंबरवर. सुलभा गेल्यावर कार्डावरून बायकोचं नाव कमी केलं, नंबर तिचाच राहिला. मी फोन उचलत नाही म्हणून तिने आपला दिला होता.
तिचा फोन कपाटात, सात महिने बंद. रिचार्ज मात्र करत आलो.

९ ऑक्टो.
फोन चार्जिंगला लावला. मेसेज आहे. बाकीचे उघडले नाहीत.
मिक्सर घ्यावा. सु.ला हवा होता. मी दर वेळी म्हणायचो, खलबत्ता आहे ना.

१२ ऑक्टो.
हट्ट्याला आक्काकडे गेलो. मोठी बहीण, विचारल्याशिवाय बरं वाटत नाही.
"वर्षश्राद्ध होईस्तोर नवं सामान घरात आणायचं न्हाई, दत्ता."
"मग वाया जाऊ द्यायचं?"
"जाऊ दे की."
तिचं बरोबर आहे. तरी

१९ ऑक्टो.
आक्का स्वतःच इकडे कुरुंद्याला आली. म्हणाली, माणूस गेल्यावरचा पहिला सण पावण्यांनी करायचा असतो. तू आणायचं न्हाई, बहिणीनं आणलेलं चालतंय. बाजारात तू घे, मी हट्ट्याला नेते, भाऊबीजेला घेऊन येते.
"आक्का, पण हे म्हणजे..."
"व्हय, तसंच. गप बस."

२४ ऑक्टो.
आक्कासोबत बाजारात गेलो. दुकानदाराने कोड मागितला. सु.चा फोन वाजला. सात महिन्यांत पहिल्यांदा. आकडे मीच वाचून दाखवले.
पांढराच मिक्सर शिल्लक. म्हटलं, हळदीने पिवळा पडेल.
आक्का म्हणाली, "पडू दे. वापरला असं तरी दिसंल."
खोकं तिने हट्ट्याला नेलं.

३ नोव्हें. भाऊबीज
आक्का खोकं घेऊन दारात. शेजारणीला ऐकू जाईल असं म्हणाली, "भावाला आणलाय."
शेंगदाण्याची चटणी केली. बटण दाबलं नि दचकलो. आक्का पदर तोंडाला लावून हसली. मीठ विसरलं.

४ नोव्हें.
आक्का सकाळच्या गाडीने गेली. दुपारी सु.चा फोन वाजला. थोडा वेळ बघत राहिलो, मग उचलला.
"उचलतोस का बघत होते," आक्का म्हणाली.
इडलीची डाळ किती वेळ भिजवायची ते विचारलं.
"उद्या सांगते. याच नंबरवर लावीन."
फोन कपाटात ठेवला नाही.