लाखेतला केस

दादा,

हे पत्र तुला देणार नाही, पण लिहिल्याशिवाय घास उतरेना.

लाखेचा थर गुळगुळीत बसायला माणसाच्या केसांचा ब्रश लागतो, म्हणून तू माझी वेणी मागितलीस. मी स्वतः कात्री लावली. झाडाच्या चिकाची ती कच्ची लाख बाधून हात सुजले, तरी तुझ्याबरोबर गिऱ्हाइकाच्या कपाटावर सगळे थर चढवले.

काल गिऱ्हाइकाने त्या कपाटाच्या दारावरच्या लाखेत अडकलेला केस दाखवला. तू हसून म्हणालास, "असेल कुणा कामवालीचा." मी तिथेच, पडद्यामागे चहा गाळत होते.

तो केस उपटायला जाऊ नकोस. शेवटच्या थराखाली आहे. काढायचा तर अख्खं दार खरवडावं लागेल.

पुढच्या ब्रशसाठी मात्र वहिनीची वेणी माग.

तुझी धाकटी कामवाली